केळीच्या बागेतला वाघ आणि सालईचा डिंक

धुळ्याहून पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ करीत महामार्ग मुक्ताईनगरला पोहोचतो, तेव्हा शिवार केळीच्या बागांनी दाटलेले असते. या तालुक्यातील डोलारखेडा परिसरात पट्टेदार वाघही केळीच्या गारव्याला विसावलेले आढळले आहेत. वाघांच्या या अधिवासाला २०१४ मध्ये मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्राचे संरक्षण लाभले.

वाघाच्या जिवावर मात्र दूरच्या बाजारपेठेचाही डोळा असतो. पारंपरिक चिनी वैद्यकात सांधेदुखीवर वाघाचे हाड मद्यात मुरवून देत. १९९३ मध्ये चीनने या व्यापारावर बंदी घातली. तरी चोरटी मागणी उरलीच. पर्याय म्हणून तिबेटच्या पठारावरील बिळात राहणाऱ्या एका लहान प्राण्याची हाडे पुढे आली. म्हणजे एका जिवाच्या जागी दुसरा जीव!

अहिंसक पर्याय खानदेशच्या उत्तर सीमेवरच उभा आहे. सातपुड्याच्या कोरड्या उतारांवर सालईची झाडे आहेत. त्यांचा सुगंधी डिंक, शल्लकी, आयुर्वेदात सांधेदुखीवर वापरला जातो. सालईच्याच जातकुळीतील झाडांचा डिंक चिनी वैद्यही वेदनेवर देतात. अर्थात, खोडावर अतोनात घाव घातले तर सालईही वाळते. डिंक घेतानाही संयम हवाच.

आणि एक सावधगिरी ग्राहकाची. शल्लकी वनस्पतिजन्य असली, तरी तिची कॅप्सूल जिलेटिनची असू शकते आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनते. सेल्युलोजची वनस्पतिजन्य कॅप्सूलही मिळते. औषध विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने डबीवरील बारीक अक्षरे वाचली, तर सातपुड्याचा वाघ आणि गोठ्यातले गुरू, दोघांचेही भले होईल.