एक खिशातला, एक गळ्यातला

तीन महिने मी कॅमेरा घेत होतो. घेतला नव्हता, घेत होतो. म्हणजे रोज रात्री जेवण झालं की लॅपटॉप उघडायचा, आठ-दहा टॅब उघडायचे, आणि एक्सेल शीटमध्ये अजून एक रकाना वाढवायचा. वजन, सेन्सर, बॅटरी, सेकंडहँड किंमत, आणि सगळ्यात शेवटी 'मन काय म्हणतं' असा एक कॉलम. बाकीचे आकडे जागचे हलायचे नाहीत, हा शेवटचा मात्र दर शनिवारी बदलायचा. ऑफिसमध्ये चहाला गेलं की लोक प्रोजेक्टचं विचारायच्या आधी "घेतला का रे?" असं विचारायला लागले होते.

गाळून गाळून दोनच उरले होते. एक सोनीचा ए-६४००, म्हणजे मिररलेस, लेन्स बदलता येणारा. दुसरा रिकोचा जीआर थ्री, म्हणजे शर्टाच्या खिशात मावणारा कॉम्पॅक्ट. दोन्ही २०१९ चे. २०२५ मध्ये रिकोचा जीआर फोर आला, पण त्याची किंमत माझ्या शीटच्या बाहेर होती, तेव्हा तो विषय तिथेच संपला.

आता कुणी म्हणेल, मोबाईल आहे की! आहे ना. जगानंही तेच म्हटलं. २०१० मध्ये जपानी कंपन्यांनी मिळून बारा कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे बाजारात पाठवले होते, आणि त्यातले बहुतेक सगळे खिशातलेच होते. २०२३ मध्ये हाच आकडा ऐंशी लाखांच्याही खाली आला. मोबाईलनं कॉम्पॅक्ट कॅमेरा खाल्ला म्हणतात तो असा. जे थोडे उरले ते उरले, कारण त्यांच्यात मोबाईलमध्ये न मावणारा सेन्सर आहे.

आणि माझी खरी गोची तिथेच होती. पूर्वी हिशोब सोपा असायचा. छोटा कॅमेरा म्हणजे छोटा सेन्सर, मोठा कॅमेरा म्हणजे मोठा सेन्सर. लहानपणी मामाकडे कोडॅकचा केबी-१० होता, ३६ फोटोंचा रीळ घालायचा, फोकस वगैरे काही नाही, दाबलं की झालं. साहेबाचा कॅमेरा वेगळा आणि मामाचा वेगळा हे दिसताक्षणी कळायचं. पण या दोघांत सेन्सर एकाच मापाचा, एपीएस-सी, साधारण साडेतेवीस बाय साडेपंधरा मिलीमीटर. मेगापिक्सेल दोघांचेही चोवीस. मिररलेसमधला आरसा गेला आणि लेन्स सेन्सरच्या अगदी जवळ येऊन बसली (निकॉनच्या जुन्या एसएलआरमध्ये माउंटपासून फिल्मपर्यंत साडेशेहेचाळीस मिलीमीटर, सोनीच्या ई-माउंटमध्ये फक्त अठरा), त्यामुळे तोही काही फार मोठा राहिलेला नाही. एक बॅटरी-कार्डासकट २५७ ग्रॅम, दुसरा ४०३, वर लेन्सचं वजन वेगळं. म्हणजे फोटोच्या दर्जावर निकाल लागत नव्हता. मग कशावर लावायचा?

शेवटी रूममेट वैतागून म्हणाला, "दोन्ही भाड्यानं आण, गावाकडे घेऊन जा, आणि सोमवारी मला एकच नाव सांग." पुण्यात कॅमेरे भाड्यानं मिळतात. डिपॉझिट भरलं, सोनीबरोबर सिग्माची ५६ मिलीमीटर एफ/१.४ लेन्स घेतली, आणि शुक्रवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघालो.

आमचं गाव कनेरगाव नाका. हिंगोली-वाशिम रस्त्यावर, हिंगोली जिल्ह्याच्या अगदी टोकाला. पैनगंगेचा पूल ओलांडला की वाशिम जिल्हा, म्हणजे विदर्भ. पावसाळ्यात नदीला पूर आला की बातम्यांत आमचं नाव येतं, एरवी कोण विचारतं! गावाच्या नावातल्या 'नाक्या'चं विचारलं की आजी निजामाच्या जकातीवर बोट ठेवते. नदीच्या अलीकडे मोगलाई, पलीकडे वऱ्हाड. गंमत म्हणजे वऱ्हाडही कागदावर निजामाचंच होतं, पण १९०२ च्या करारानं ते कायमच्या भाडेपट्ट्यावर इंग्रजांकडे गेलं. १९४८ च्या सप्टेंबरात निजामी गेली, १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, नाका मात्र नावात राहिला. भाडेपट्टा हा शब्द त्या दिवशी मला जरा जास्तच जवळचा वाटत होता, पाठीवरच्या बॅगेत सगळा मालच भाड्याचा होता :)

असो.

पहाटे चौकात उतरलो. फेब्रुवारीची थंडी, टपरीवर स्टोव्ह पेटलेला, अकोला-नांदेड हायवेवरून ट्रकांची रांग, एक एसटी हिंगोलीकडे तोंड करून उभी. जीआर खिशातून काढला. यात 'स्नॅप फोकस' नावाची एक सोय आहे. अंतर आधीच ठरवून ठेवायचं, दोन मीटर म्हणा, मग बटण एका दमात दाबलं की कॅमेरा फोकस शोधत बसत नाही, सरळ फोटो काढतो. केबी-१० चा सुशिक्षित नातू म्हणा ना. अर्ध्या तासात चाळीस फोटो काढले, कुणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. कंडक्टर, चहावाला, पोत्यावर बसून विडी ओढणारा म्हातारा, सगळे आपापल्या कामात. घरी पोचेपर्यंत मी शेवटच्या कॉलममध्ये 'रिको' लिहून टाकलं होतं.

घरी गेलो तर आजी ओसरीवर सूप घेऊन तूर पाखडत होती. तिरपं ऊन, उडणारा भुसा, सुरकुतलेले हात. गुपचूप चार फोटो काढले. सांगतो, माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो त्या चारात आहे. लगेच जाऊन तिला दाखवला.

आजीनं स्क्रीन डोळ्यांशी नेली, लांब धरली, परत जवळ आणली.

"हे काय रं बाबू? पदर कुठं, तोंड कुठं! कामावरच्या बाईवानी दिसून रायले मी."

"आजी, हाच तर नॅचरल आहे."

"नॅचरल म्हंजी?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुण्यात असतं, ओसरीवर नव्हतं.

दुपारी शेतात गेलो. हळद काढून, शिजवून, वाळवून झाली होती आणि पॉलिशचा ड्रम फिरत होता. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो, वाळलेली हळकुंडं ड्रममध्ये एकमेकांवर घासली जातात, वरची खडबडीत साल निघते, आणि आजूबाजूचं सगळं जग पिवळं होतं. आमच्या जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा वडिलांना कोण अभिमान! आमची हळद वसमतची नाही, तरीही. त्या धुळीत मी जीआर काढला, चालू केला, बंद केला, परत चालू केला. दर वेळी लेन्स पुढे येते, मागे जाते, पुढे येते, मागे जाते. थोडक्यात पंपच तो. संध्याकाळी आभाळाचा फोटो मोठा करून पाहिला तर उजव्या कोपऱ्यात एक ठिपका. दुसरा फोटो, तोच ठिपका, तिथेच. सेन्सरवर धूळ. मिररलेस असता तर लेन्स काढून ब्लोअरनं फू करून टाकलं असतं. खिशातल्या कॅमेऱ्याला दार नाही, तो उघडायचा म्हणजे सर्व्हिस सेंटर. डिपॉझिटमधून पैसे कापले गेले, आणि ते योग्यच होतं, चूक माझी. एक्सेलमध्ये 'धूळ' हा रकाना नव्हता इतकंच.

रात्री शेजारचे आबा आले. वय ऐंशीच्या पुढे. मी नातू कॅमेरे घेऊन आलाय ही बातमी तोवर गल्लीत फिरली होती. आबांनी खिशातल्या कॅमेऱ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सोनीकडे बोट दाखवलं.

"त्यो मोठा हाय न्हवं? त्यानं माझा एक चांगला काढ. मागून लागतो."

मला आधी कळलंच नाही. मागून म्हणजे? मग वडिलांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि कळलं.

आमच्या बैठकीत आजोबांचा फोटो आहे. ते २००१ मध्ये गेले, तेव्हा घरात त्यांचा एकही धड फोटो नव्हता. शेषन साहेबांनी १९९३ मध्ये मतदारांना फोटोचं ओळखपत्र द्यायचं फर्मान काढलं, त्या कार्डावरचा नखाएवढा फोटो, तेवढाच. तो एका स्टुडिओत नेऊन मोठा केला. चेहऱ्याचे ठिपके दिसायला लागले म्हणून त्यानं ब्रशनं भुवया काढल्या, ओठ रंगवले, आणि बहुतेक उरलेली जागा भरायला म्हणून कोट घातला. आजोबांनी आयुष्यात कोट घातला नाही. मी त्यांना आठवतो तो त्या कोटातलाच, कारण ते गेले तेव्हा मी चार-पाच वर्षांचा होतो. आजी त्या फोटोला रोज हात जोडते, पण एकदा म्हणाली होती, "हे तुझे आजोबा न्हाईत, त्यांच्यावानी कुनीतरी हाय."

तर सकाळी मी ओसरीवर खुर्ची मांडली. आमच्या घराचं तोंड उत्तरेला आहे, त्यामुळे ओसरीवर ऊन थेट येत नाही, नुसता पसरलेला मऊ उजेड येतो. मागे निळी चादर लावली. आबा पांढरं धोतर, इस्त्रीचा सदरा, डोक्यावर कोरी टोपी घालून आले. दाढी करून आले होते, हनुवटीवर कापल्याचा लाल ठिपका. गुडघ्यावर हात, पाठ ताठ, हसणं अजिबात नाही. शहरातला कुठलाही फोटोग्राफर "रिलॅक्स" म्हणाला असता. मी काही म्हणालो नाही.

आधी जीआरनं एक काढून पाहिला, केवळ खाज म्हणून. तो २८ मिलीमीटरच्या नजरेचा आहे. छातीपर्यंतचा माणूस चौकटीत भरायचा तर दीड फुटावर जावं लागतं. नाक कानापेक्षा चार-साडेचार इंच पुढे असतं, आणि दीड फुटाच्या हिशोबात हे अंतर फार होतं. नाक कानाच्या मानानं जवळजवळ पाव पट मोठं दिसतं. ५६ ची सिग्मा या सेन्सरवर ८४ सारखी वागते, तोच माणूस तेवढाच दिसायला साडेचार फुटांवर उभं राहायचं, आणि हा फरक आठ टक्क्यांच्या आसपास येतो. म्हणजे हा लेन्सचा गुण-दोष नाहीच, तुम्ही माणसापासून किती लांब उभे आहात त्याचा आहे. गणित दहावीचंच आहे, पण ते कळायला मला आबांचं नाक लागलं. दीड फुटावर त्यांनी मान मागे घेतली होती, ते वेगळंच. इतक्या जवळ त्यांच्या तोंडासमोर डॉक्टरशिवाय कुणी आलं नसणार.

साडेचार फुटांवरून काढला. कॅमेऱ्यानं आपणहून डोळा पकडला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला उजवा. एकच क्लिक. स्क्रीनवर आबांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "व्हय. हा मी."

मग काय, दहा वाजेपर्यंत ओसरीवर रांग लागली. एक काकू लग्नातला शालू नेसून आल्या. एक आजोबा जावयाचं घड्याळ घालून आले. कुणी हसलं नाही. मला आधी हसू येत होतं, नंतर येईनासं झालं. सगळ्यात शेवटी आजी आली. नवं लुगडं, पदर डोक्यावरून, हात मांडीवर. तूर पाखडणारी आजी कुठेच नव्हती, आणि तिला ती नकोच होती.

सोमवारी रूममेटला नाव सांगितलं, सोनी. सेकंडहँड बॉडी मिळाली, सिग्माची ५६ पण सेकंडहँडच. खरं सांगायचं तर रोज ऑफिसला जाताना तो घरीच राहतो, कारण ६८३ ग्रॅम लॅपटॉपच्या बॅगेत कोण कोंबणार. चौकातल्या टपरीसारखे फोटो त्यानंतर एकदाही निघाले नाहीत. त्या अर्थी चुकीचा कॅमेरा घेतला म्हणा हवं तर. जीआर अजून कार्टमध्ये पडून आहे, धुळीच्या ठिपक्यासकट आवडतो मला तो.

आबांचा फोटो पुण्यात आठ बाय बाराचा छापून, फ्रेम करून ट्रॅव्हल्सनं पाठवला. त्यांनी तो आल्या दिवशीच खिळा ठोकून भिंतीवर लावला. सुनेनं काढला, म्हणाली जित्या माणसाचा असा लावू नये. आता तो पत्र्याच्या पेटीत टॉवेलात गुंडाळून ठेवलाय. कुणी आलं की आबा पेटी उघडून दाखवतात.

काकूंचा गेला, घड्याळवाल्या आजोबांचाही गेला. आजीचा तेवढा राहिलाय. फाईल तयार आहे, सगळं करून ठेवलंय, दोनदा दुकानापर्यंत गेलोसुद्धा. आजी दर रविवारी फोनवर विचारते, "बाबू, माझ्या फोटूचं काय झालं?"

मी सांगतो, दुकान बंद होतं.