चांदमारीचे सोबती आणि बेडशाची लेणी

मैत्री कुठे जुळेल याचा काही नेम नसतो, असे आपण म्हणतो. कुणाची आगगाडीच्या डब्यात जुळते, कुणाची गॅसच्या रांगेत, तर कुणाची जिन्यातल्या भांडणातून. माझी मात्र नेमामुळेच जुळली. पेशाने मी मराठीचा प्राध्यापक. जोडाक्षरांखेरीज आजवर कुणाशी झुंज दिलेली नाही. तरीही गेली सहा वर्षे दर रविवारी सकाळी सात वाजता मी पुण्यातल्या एका लहानशा चांदमारीवर हजर असतो. आमच्या सौभाग्यवती या छंदाला 'छर्रेबाजी' म्हणतात. म्हणोत बिचाऱ्या!

आजची मुले 'रेंज' म्हणतात; मला आपला जुना शब्दच गोड वाटतो. लक्ष्याच्या मधोमध असलेला गोल म्हणजे चांद, आणि तो मारायचा म्हणून चांदमारी. आमचा चांद दहा मीटरवर टांगलेला असतो. रायफलवाल्यांच्या कागदावर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे छापील पूर्णविरामाएवढा! पिस्तुलवाल्यांना थोडी सवलत आहे. त्यांचा दहाचा गोल साडेअकरा मिलिमीटरचा. पण त्यांनी हात एकच वापरायचा, दुसरा खिशात नाहीतर पट्ट्यात. सामन्यात मुगाच्या दाण्याएवढे साठ छर्रे आणि सव्वा तास वेळ. ऐकायला सोपे वाटते ना? एकदा हात लांब करून पाहा. आपले काळीज किती जोराने धडधडते, ते पिस्तुलाच्या टोकावर डोळ्यांनी दिसते.

आता तुम्ही विचाराल, जिथे माणसे कानांवर बोंडले चढवून, भिंतीकडे तोंड करून तासभर अबोल उभी राहतात, तिथे मैत्री कसली होणार? मलाही प्रथम हेच कोडे पडले होते. पण त्या अबोलपणातच सारी गंमत आहे. नेम धरलेल्या माणसाशी बोलायचे नाही, आणि न विचारता दुसऱ्याच्या कागदाकडे पाहायचे नाही, हे आमचे दोन नियम. एवढी सभ्यता तर आमच्या प्राध्यापकांच्या खोलीतही सापडत नाही! मग तास संपतो, हत्यारे पेटीत जातात आणि चहाच्या टपरीवर सर्वांना कंठ फुटतो. कुणाच्या रायफलीतली हवा संपली तर दुसरा आपल्या टाकीतून भरून देतो. कुणाचा छर्ऱ्यांचा डबा घरी राहिला तर चार डबे पुढे येतात. ज्याच्याशी चढाओढ करायची त्यालाच दारूगोळा पुरवायचा, असा हा उफराटा व्यवहार.

आणि हा केवळ आम्हा हौशी मंडळींचाच रिवाज नव्हे. मुंबईला वरळीच्या रेंजवर अंजली भागवत, सुमा शिरूर आणि दीपाली देशपांडे यांनी एकाच गुरूच्या, संजय चक्रवर्तींच्या, हाताखाली धडे घेतले. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकला तिघीही एकाच भारतीय संघातून गेल्या. पुढे दीपालीबाई स्वतः गुरू झाल्या, आणि त्यांचा शिष्य, कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा आणि रेल्वेत तिकिटे तपासणारा स्वप्नील कुसाळे, आपल्या बालेवाडीत सराव करून २०२४ साली पॅरिसहून कांस्यपदक घेऊन आला. त्याच अथेन्समध्ये मॅट एमन्स नावाच्या अमेरिकनाने आघाडीवर असताना शेवटची गोळी शेजाऱ्याच्या लक्ष्यावर झाडली! हातात आलेले सुवर्णपदक गेले आणि तो आठवा ठरला. त्या संध्याकाळी त्याचे सांत्वन करायला एक चेक नेमबाज मुलगी गेली. तीन वर्षांनी दोघांचे लग्न झाले. नेम चुकला खरा. पण कुठे लागला पाहा!

आमच्या रविवारच्या मंडळात असे विक्रमवीर कुणी नाहीत. एक दंतवैद्य डॉक्टरीणबाई आहेत, एक पोस्टातले कारकून आहेत, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाची एक चुणचुणीत मुलगी आहे, आणि या सर्वांचे कुलपती म्हणजे आमचे सुभेदार. फौजेतून निवृत्त झाले, सत्तरी ओलांडली, पाठ मात्र अजून बंदुकीच्या नळीसारखी सरळ. मुलगी त्यांना 'आजोबा' म्हणते आणि ते मला 'मास्तर' म्हणतात. मला पिस्तूल धरायला त्यांनीच शिकवले. "मास्तर, चाप ओढायचा न्हाई. वही मिटतो तसा हळूच मिटायचा," हा त्यांचा गुरुमंत्र.

गेल्या पावसाळ्यात सुभेदारांच्या हाताला कंप सुटला. प्रथम डॉक्टरीणबाईंच्या लक्षात आले. चहाची बशी किणकिणताना त्यांनी पाहिली. मग कागदावरही दिसू लागले. ज्यांचे छर्रे नऊ-दहाच्या घरात नांदत, त्यांचे सहावर जाऊ लागले. एका रविवारी तर एक काळ्या गोलाच्या पार बाहेर गेला. त्यांनी कागद काढला, घडी घालून खिशात ठेवला, पिस्तूल पुसून पेटीत निजवले आणि "येतो" म्हणून निघून गेले. पुढल्या रविवारी आले नाहीत. त्याच्या पुढल्याही नाही.

मी घरी गेलो. कंप वयाचा आहे, जिवाला धोका नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते. गोळ्याही दिल्या होत्या, आणि त्यांनी हात बराच स्थिर होत होता. मग अडले कुठे?

"ह्याच गोळ्यांना नेमबाजीत बंदी हाय, मास्तर," सुभेदार म्हणाले.

त्यांचे म्हणणे खरे होते. काळजाचे ठोके आणि हाताची थरथर कमी करणारी 'बीटा ब्लॉकर' जातीची ही औषधे नेमबाजांना सामन्यात तर नाहीच, पण सरावाच्या दिवसांतही वर्ज्य आहेत. मी म्हणालो, "अहो, पण आपल्या चांदमारीवर कोण तपासायला येणार आहे? तुम्हांला कुठं पदक मिळवायचंय?"

"गोळी खाऊन गोळी मारायची? त्या पोरीच्या शेजारी हुबं ऱ्हाऊन? न्हाई जमायचं." आणि विषय संपला. गोळ्या त्यांनी घेतल्या, कारण सूनबाईंनी शपथ घातली. पण चांदमारीचे नाव टाकले. नेम धरायचा नाही तर तिथे जायचे कशाला, असा त्यांचा सरळ हिशेब.

मंडळ सुने झाले. वेळ सांगायला घड्याळ होते, पण दटावायला कुणी नव्हते. पोस्टातले कारकून एकदा हळूच म्हणाले, "आपण फक्त छर्ऱ्यांचे सोबती होतो की काय हो?" तो प्रश्न मला झोंबला. शेवटी दरसालची सहल आम्ही मुद्दाम लवकर ठरवली, आणि "लेणी बघायची आहेत, बंदुका नव्हेत," असे बजावून मार्गशीर्षातल्या एका रविवारी सुभेदारांना पहाटेच्या लोणावळा लोकलमध्ये बसवले.

बेडसे मुद्दामच निवडले होते. कार्ल्याला एकवीरेची गर्दी, भाज्याला सहलींची. बेडसे मात्र अजून आपल्या जागी शांत बसले आहे. कामशेतला उतरायचे आणि पवनानगरच्या रस्त्याने आठ-दहा किलोमीटर जायचे. भातकापणी उरकलेली होती. खाचरांत नुसती बुडखी उरली होती, अंगणांत पेंढ्याच्या गंजी रचल्या होत्या, आणि इंद्रायणी तांदळाचा घमघमाट म्हणतात तो मावळात जाऊनच घ्यावा! गावामागच्या डोंगरात लेणी आहेत. वर जायला चारेकशे पायऱ्या. सुभेदार त्या न थांबता चढले. मी दोनदा निसर्गसौंदर्य पाहायला थांबलो.

ही लेणी पूर्वाभिमुख आहेत, म्हणून सकाळीच गाठावीत. चैत्यगृहापुढचा खडक कारागिरांनी पुरता काढून टाकलेला नाही. दोन प्रचंड शिळा तशाच उभ्या ठेवून मधून अरुंद बोळ खोदला आहे. त्या बोळातून आपण जातो, काही दिसत नाही, आणि एकाएकी अंगावर येतात ते पंचवीस फुटी खांब! अठपैलू, वर घंटेसारखे उलटे कमळ, आणि त्याच्याही वर घोडे, हत्ती, बैल आणि त्यांच्यावर बसलेली स्त्री-पुरुषांची जोडपी. दोन हजार वर्षांमागची ही माणसे कशी ऐटीत बसली आहेत! जणू आताच वरातीला निघायची आहेत. आतले चैत्यगृह त्या मानाने साधे. १८६१ च्या सुमारास कुणा गोऱ्या साहेबाला खूष करण्यासाठी जी साफसफाई झाली, तिच्यात जुन्या रंगचित्रांच्या उरल्यासुरल्या खुणाही गेल्या. स्वच्छतेची हौस कधी कधी अशी महागात पडते.

शेजारचा विहार पाहून तर डॉक्टरीणबाईही गप्प झाल्या. एरवी विहार चौकोनी असतात. हा मागच्या बाजूने अर्धगोल, वर कमानदार छत, आणि सभोवती भिक्षूंच्या खोल्या. खोलीत दगडाचा ओटा, बस्स. मुलगी एका खोलीत जाऊन बसली आणि म्हणाली, "सर, इथं काय मस्त 'होल्ड' लागेल!" नेम धरून निश्चल राहण्याला ही मंडळी होल्ड म्हणतात. श्वास सोडायचा, अर्ध्यावर थांबायचे, मन दुसरीकडे जाऊ द्यायचे नाही. त्या ओट्यांवर बसणाऱ्यांची साधना फार निराळी नसावी. फक्त त्यांच्या हातात पिस्तूल नव्हते.

मी मराठीचा माणूस, तेव्हा माझा जीव शिलालेखांत. ब्राह्मी अक्षरे थोडीफार ओळखता येतात, म्हणून मंडळींना फिरवून दाखवली. व्हरांड्यातल्या खोलीच्या दारावर नाशिकच्या आनंद शेठीचा मुलगा पुसणक याच्या दानाची नोंद आहे. नाशिकचा माणूस, आणि दान बेडशाला! पाण्याच्या टाक्यावर एका बाईचे नाव आहे: महारठिनी सामडिनिका. मोठ्या घरची लेक आणि मोठ्या घरची सून. पण दान दिले ते पाण्याचे. "म्हणजे आपल्या हवेच्या टाकीसारखंच की हो!" पोस्टातले कारकून म्हणाले, आणि सुभेदार त्या दिवसात प्रथमच हसले.

बाजूला एक लहानसा कोरीव स्तूप आहे. जाणारे-येणारे त्याच्याकडे पाहतही नाहीत. जवळच्या खडकावर लिहिले आहे की हा स्तूप गोभूती नावाच्या भिक्षूचा. तो अरण्यात राहणारा, भिक्षेवर जगणारा, मारकूडचा रहिवासी. आणि स्तूप करविला कुणी, तर त्याचा शिष्य भट्ट आसळमित याने.

"हा आसळमित मोठा कुणी होता का?" मुलीने विचारले.

"त्याच्याविषयी हा लेख एवढंच सांगतो," मी म्हणालो, "की त्याला एक गुरू होता."

ती थोडा वेळ त्या खडकाकडे पाहत राहिली. मग सुभेदारांकडे वळून अगदी सहज म्हणाली, "आजोबा, मला जानेवारीत सामना आहे. माझा खांदा वर जातो, असं सगळे म्हणतात. मला माझा दिसत नाही. तुम्ही मागं बसलात तर सांगाल. त्याला काही हात लागत नाही. डोळे लागतात."

आम्ही सारे गप्प. खाली पवनेच्या खोऱ्यावर ऊन पसरले होते आणि समोर तिकोन्याचे टोक स्वच्छ दिसत होते. मला कारोली टाकाच या हंगेरियनाची आठवण झाली. १९३८ साली हातबाँबने त्याचा उजवा पंजा गेला. त्याने डाव्या हाताने शिकून १९४८ आणि १९५२ अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवली. ती गोष्ट मी सांगणारही होतो, पण सांगितली नाही. टाकाचला दुसरा हात होता. सुभेदारांना जे हवे होते ते निराळे होते, आणि ते त्या पोरीला माझ्याआधी कळले होते.

सुभेदार काहीच बोलले नाहीत. गावात एका घरी पिठले, भाकरी, ठेचा आणि वाफाळता इंद्रायणी भात सांगून ठेवला होता. जेवताना त्यांचा हात स्थिर होता; तो गोळ्यांचा गुण. त्यांनी तो मुद्दाम आम्हांला दाखवला आणि म्हणाले, "भाकरीसाठी खायला बंदी न्हाई." मग परतीच्या लोकलमध्ये तळेगाव गेल्यावर एकदम विचारले, "सध्या घड्याळ कोण लावतंय?"

"कुणीच नाही," मी म्हणालो.

"म्हंजे बेशिस्त चाललीय तर."

पुढल्या रविवारी पावणेसातलाच ते हजर होते. पिस्तुलाची पेटी आणली नव्हती. रेघेमागे खुर्ची टाकली, गळ्यात घड्याळ अडकवले आणि अमुकचा खांदा, तमुकचा कोपर, मास्तरांचे पोट असा प्रत्येकाचा समाचार घ्यायला सुरुवात केली. मुलीला जानेवारीत पदक मिळाले नाही. पण खांदा उतरला, आणि स्वतःचे आजवरचे सर्वांत चांगले गुण तिने मिळवले. कागद तिने घरी नेला नाही, सुभेदारांना दिला. त्यांनी तो घडी घालून खिशात ठेवला. त्याच खिशात, जिथे पावसाळ्यातला तो दुसरा कागद गेला होता.

पोस्टातल्या कारकुनांच्या प्रश्नाचे उत्तर मला असे मिळाले. छर्रे हे निमित्त. ते संपले तरी माणसाला बसायला मागे एक खुर्ची असली पाहिजे, आणि ती कुणीतरी मागून घेतली पाहिजे.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीच्या सुट्टीत फराळाचे जड झाले की बेडशाला जाऊन या. सकाळची लोकल धरा, पाणी बरोबर घ्या, आणि त्या भव्य खांबांना पाहून झाले की बाजूच्या त्या लहान स्तूपापाशी थोडे थांबा. बरोबर कुणाला न्यायचे, ते तुमचे तुम्हांला ठाऊक असेलच.