जिन्याखालची येझदी

वसईच्या खाडीला टेकलेले भाईंदर म्हणजे मिठागरांचे आणि स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांचे गाव. येथील जुन्या इमारतींच्या जिन्याखाली अजूनही एखादी येझदी उभी दिसते. म्हैसूरमधील तिचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले. पण वडिलांनी जिच्यावरून धंद्याच्या फेऱ्या मारल्या, ती भंगारात द्यायला मुलाचा हात धजत नाही.

पावसाळ्यातील खारी, दमट हवा तिला छळते. किक मारून पाय थकतो, इंजिन मुकेच राहते. अशा वेळी घाई नको, क्रम हवा. दीर्घकाळ उभ्या गाडीतील पेट्रोल उडून जाते आणि त्यात मिसळलेले ऑइल जेटमध्ये चिकटून बसते. म्हणून प्रथम प्लग काढावा. तो कोरडा असेल, तर पेट्रोल पोहोचत नाही. कॉक व कार्बोरेटर साफ करावेत. ओला असेल, तर पुसून ठिणगी पाहावी. ठिणगी नसेल, तर गंजलेले पॉइंट घासून त्यांतील अंतर सुमारे ०.४ मिलिमीटर ठेवावे.

घसारा वजा जाता वहीत तिची किंमत शून्य उरली असेल. तरीही भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी एवढी तपासणी व्हावी. पुष्कळदा दोष प्लगएवढाच असतो.