न थांबणारा पंखा

दिवा लागत नाही, हॉर्न वाजत नाही, या तक्रारींचं मला दडपण येत नाही. करंट कुठवर आला आणि कुठे अडला एवढंच शोधायचं असतं. पण चालू झालेली वस्तू बंदच होत नाही असं कुणी सांगितलं, की मी हातातलं काम बाजूला ठेवतो. ती गाडी उद्यावर टाकता येत नाही. रेडिएटरचा पंखा दहा-बारा अँपिअर सहज ओढतो आणि छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. तीन तासांत गाडी आडवी.

गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त गुरुजी आले. चावी काढली, कुलूप लावलं, तरी बोनेटखाली पंखा फिरतच राहायचा. दुसरीकडे आधी बॅटरी बदलून झाली होती, मग रिले. शेवटी सल्ला मिळाला होता की रोज रात्री बॅटरीची वायर सोडून ठेवा. गुरुजी महिनाभर तेच करत होते. दहा नंबरचा पाना फडक्यात गुंडाळून गाडीच्या कप्प्यात ठेवलेला. ते फडकं पाहून मला फार वाईट वाटलं. सत्तरीच्या माणसानं पावसात टॉर्च धरून बोनेट उघडायचं, याला दुरुस्ती म्हणत नाहीत.

इंजिन तापलेलं असेल तर बऱ्याच गाड्यांत पंखा चावी काढल्यावरही काही मिनिटं फिरतो. तो दोष नव्हे. म्हणून आधी विचारलं, "गुरुजी, सकाळी इंजिन गार असताना काय होतं?"

"वायर जोडली की लगेच सुरू. चावी लावायच्या आधीच."

म्हणजे तापण्याशी याचा संबंध नव्हता.

मी काम शिकलो कोल्हापूरच्या उद्यमनगरात. आमचे वस्ताद अशा गाडीपुढे उभे राहिले की एकच प्रश्न विचारायचे, "हात अडकलाय, का हुकूमच सुटंना झालाय?" रिलेची सगळी गोष्ट त्या प्रश्नात आहे. रिलेच्या बुडाला आकडे असतात. ३० वर बॅटरीचा करंट येतो, ८७ वरून तो पंख्याकडे जातो. हा झाला हात. ८५ आणि ८६ या कॉइलच्या पिना, हा हुकूम. कॉइलला करंट मिळाला की ती लोहचुंबक होते आणि कॉन्टॅक्ट ओढून जोडते. पंख्याची मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, दर वेळी कॉन्टॅक्टवर ठिणगी पडते आणि एक दिवस ते एकमेकांना डसून बसतात. मग हुकूम सुटला तरी हात सुटत नाही. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं रिलेवर टिचकी मारली की पंखा थांबतो आणि काहीजण पैसे घेऊन गाडी देऊन टाकतात. ते कॉन्टॅक्ट पुन्हा चिकटणारच.

गुरुजींच्या गाडीचा रिले उपसला, पंखा थांबला. म्हणजे रिलेपासून पंख्यापर्यंतची वायर चांगली. रिले हातात घेऊन ३० आणि ८७ मध्ये मीटर लावला, आवाज नाही. हात मोकळा होता. मग रिलेच्या रिकाम्या सॉकेटमध्ये तपासलं. ८६ ला बॅटरीचा प्लस, या गाडीत तो कायमच असतो. पण ८५ ला अर्थ, म्हणजे बॉडीचा मायनस, मिळत होता, चावी खिशात असताना. हा अर्थ द्यायचा अधिकार फक्त ईसीएमचा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा.

इथं घाई फार महागात पडते. ईसीएम गेला असं सांगून मोकळं होता येतं आणि गिऱ्हाईक काही हजार मोजतं. मी बॅटरी सोडली, ईसीएमचा कपलर काढला आणि पुन्हा ८५ वर मीटर धरला. अर्थ तसाच. ईसीएम बिचारा निर्दोष होता. वायरच वाटेत कुठेतरी बॉडीला टेकली होती.

मीटर बीपवर ठेवून मी वायरिंगची जुडी वीत-वीतभर दाबत गेलो. पुढच्या जाळीमागे, नंतर बसवून घेतलेल्या मोठ्या आवाजाच्या हॉर्नपाशी, बीप तुटली. टेप सोडली. हॉर्नची पट्टी कसलेला स्क्रू गरजेपेक्षा लांब होता आणि त्याचं टोक जुडीत शिरलं होतं. वायरच्या आवरणाला तांदळाच्या दाण्याएवढी चीर आणि आतलं तांबं हिरवट पडलेलं. एवढ्याशा चिरेपायी एक बॅटरी, एक रिले आणि महिनाभराची झोप गेली होती.

खराब तुकडा कापला, जोड डाग देऊन पक्का केला, वर स्लीव्ह चढवली, स्क्रू आखूड घातला. काम वीस मिनिटांचं.

ब्रेकलाइटचंही असंच. सतत पेटलेली राहिली की लोक स्विच बदलतात. मी आधी ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट बघतो. पेडलच्या दांड्यावर प्लॅस्टिकची किंवा रबराची छोटी बुटी असते, तिच्यावर स्विचची दांडी दाबून राहते. जुनी झाली की ती बुटी भुगा होऊन खाली पडते, दांडी भोकातून आरपार जाते आणि पेडल दाबलेलंच आहे असं गाडीला वाटतं. बुटीची किंमत चहाएवढी. पण दिवा कायम पेटला असेल तर तुम्ही ब्रेक कधी मारला हे मागच्याला कळणारच नाही, म्हणून अशी गाडी मी तशीच परत जाऊ देत नाही.

गुरुजींच्या गाडीचं अजून बाकी होतं. बोनेटचं लॅच स्क्रू-ड्रायव्हरनं दाबून बसवलं, म्हणजे बोनेट बंद आहे असं गाडी धरून चालते. बॅटरीच्या मायनसमध्ये मीटर जोडून गाडीला कुलूप लावलं आणि आम्ही चहा घेतला. कुलूप लावल्याबरोबर गाडी झोपत नाही. आतली एकेक यंत्रणा सावकाश मिटते, अर्धा तासही लागतो. आकडा दीड अँपिअरवरून उतरत उतरत ०.०२ वर येऊन थांबला. ०.०५ च्या आत असला की मला पुरे.

बंद न होणारी वस्तू बंद झाली, तरी ती वेळेवर लागते का हे पाहिल्याशिवाय मी चावी देत नाही. पंखा लागलाच नाही तर इंजिन तापून बसेल. मीटर काढला, वायर घट्ट केली, इंजिन चालू ठेवलं. काटा हळूहळू वर चढला. गुरुजी छत्री धरून बोनेटपाशी वाकले होते. रिले टक् वाजला, पंखा लागला. दोन-अडीच मिनिटं फिरला. पुन्हा टक्, आणि पाती गरगरत मंदावली.

"थांबला," गुरुजी म्हणाले.