झाडीपट्टीतले चार मुक्काम

प्रवासाचा बेत ठरला की आमच्या घरात पहिला प्रश्न निघतो, "राहायचे कुठे?" पैसेवाल्यांसाठी हा प्रश्न भाड्याचा असतो. आपल्या माणसासाठी तो नुसता भाड्याचा कधीच नव्हता. १९१७ साली विलायतेत शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेले, तेव्हा हिंदूंच्या खानावळीत आपल्याला जागा मिळणार नाही हे त्यांना ठाऊक होते. ते एका पारशी पथिकाश्रमात नाव बदलून राहिले, रोजचा दीड रुपया मोजून. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली दहा-बारा माणसे दारात उभी राहिली आणि त्यांना ती जागाही सोडावी लागली. खिशात भाडे होते, डोक्यात जगातली विद्या होती, पण अंग टेकायला खोली नव्हती.

ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट झाली असे कुणी म्हणेल. आमचे लग्न नवे होते तेव्हा आम्ही एका देवस्थानाच्या गावी नातेवाइकाच्या कामाने गेलो होतो. लॉजच्या माणसाने नाव विचारले, आम्ही सांगितले. मग त्याने आडनाव विचारले, तेही सांगितले. त्याच्या पाठीमागे फळीवर किल्ल्या लटकत होत्या, तरी तो म्हणाला, "खोली शिल्लक नाही." ती रात्र आम्ही एस.टी. स्टँडच्या बाकावर काढली. कुणी आडनाव विचारले की आमच्या मंडळींचा चेहरा आजही बदलतो, तो तेव्हापासून.

म्हणून गेल्या ऑक्टोबरात आम्ही नागपूरहून चंद्रपूर-गडचिरोलीकडे निघालो तेव्हा मनाशी ठरवले होते, या वेळी लॉजची पायरी चढायची नाही. जिथे पाहुण्याचा पैसा चार माणसांच्या कामी येतो अशाच ठिकाणी राहायचे. मुलांच्या शाळेला चार दिवस दांडी पडली, पण त्यांनी जे पाहिले ते पुस्तकात नव्हते.

पहिला मुक्काम वरोऱ्याजवळच्या आनंदवनात. १९४९ साली बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली. सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये एवढ्या भांडवलावर खडकाळ माळरानात काम सुरू झाले, हे आपण ऐकलेले असते. त्यापुढची गोष्ट आपल्याला जास्त जवळची आहे. कुष्ठरुग्णांनी पिकवलेली भाजी गावातले लोक सुरुवातीला विकत घेत नसत, असे सांगतात. त्यांच्या हातचे नको! हे शब्द आपल्या आजोबा-पणजोबांनी किती वेळा ऐकले असतील! आज त्याच हातांचे अन्न पाहुणे पंगतीला बसून खातात आणि त्या हातांनी विणलेल्या सतरंज्या विकत घेऊन घरी नेतात. आम्हीही एक सतरंजी घेतली. पाहुणा जेवला की नुसते पोट भरत नाही, जुनी शिवाशिवही मोडते, हे आम्हाला तिथल्या पंगतीत उमगले.

दुसऱ्या दिवशी भद्रावतीला उतरलो आणि विजासनच्या लेण्या पाहिल्या. डोंगराच्या पोटात सरळ खोल गेलेली वाट, टोकाला बसलेली बुद्धमूर्ती, आणि दोन बाजूंना आणखी दोन दालने. आत शिरले की बाहेरचे ऊन आणि आवाज दोन्ही मागे राहतात. थोरल्या मुलीने विचारले, "बाबा, इथे कोणी राहायचे का?" प्रश्न साधा होता, पण आम्ही विचारात पडलो. आपण लेण्यांना देवळासारखे पाहतो. वास्तविक आपल्या देशातली कितीतरी लेणी म्हणजे भिक्खूंच्या मुक्कामाची घरे. पावसाळ्याचे तीन महिने त्यांनी एका जागी राहावे म्हणून खोल्या, दगडी ओटे, पाण्याच्या पोढी कोरल्या. खर्च कोणी केला? कान्हेरीचे शिलालेख सांगतात की कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनीही दान दिले. कुणी खोली दिली, कुणी पाण्याचे टाके दिले. वाटसरूसाठी छप्पर उभारणे हा आपला फार जुना वारसा आहे. तो मधल्या काळात आपल्या हातून हिसकावला गेला.

तिसऱ्या प्रहरी चंद्रपूर आले. गोंड राजांचा परकोट, जटपुरा दरवाजा, कोळशाच्या खाणी आणि औष्णिक वीज केंद्राचा धूर, असे हे शहर. १९५६ साली नागपूरच्या १४ ऑक्टोबरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी इथे लोकांना धम्मदीक्षा दिली. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांनी त्या कामी पुढाकार घेतला होता. दरवर्षी १५ आणि १६ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर माणूस मावत नाही. आमचा दुसरा मुक्काम नात्यातल्या एका मावशीकडे होता. तिच्या दोन खोल्यांत त्या रात्री आम्ही धरून एकवीस माणसे झोपली. त्यात राजुऱ्याहून आलेले एक कुटुंब तिच्या ओळखीचेही नव्हते. आम्ही विचारले तर ती म्हणाली, "दारात आले न् पाणी मागतले. मंग जा कसं म्हनू?" या दोन दिवसांत चंद्रपुरातल्या आपल्या कितीतरी घरांचे असेच होते. त्यांना कुणी अतिथिगृह म्हणत नाही, इतकेच.

१७ तारखेला आम्ही ताडोब्याकडे निघालो. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९९५ साली ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प. वाघ पाहायला देशोदेशीचे लोक येतात. मोहर्लीच्या रस्त्याला, इरई धरणाच्या पाण्याकडेने जाताना मोठमोठ्या रिसॉर्टच्या कमानी दिसतात. आमचा मुक्काम मात्र जंगलालगतच्या एका लहान गावात, एका गोंड कुटुंबाच्या घरी होता. शेणाने सारवलेले अंगण, कौलारू घर, आणि मागे पाहुण्यांसाठी बांधलेल्या दोन खोल्या. खाट, मच्छरदाणी, धुतलेली चादर, स्वच्छ संडास. यापेक्षा जास्त काही नाही आणि कमीही काही नाही.

घरच्या बाईने पाणी दिले, मग एक लांबट वही पुढे केली. "पूर्ण नाव सांगा जी. आडनावासकट." आमच्या मंडळींनी आमच्याकडे पाहिले. बाकावरची ती रात्र आम्हा दोघांनाही एकदमच आठवली. आम्ही नाव सांगितले. बाईने सावकाश अक्षरे जुळवत ते लिहून घेतले, गाव लिहिले, आधारकार्ड पाहिले आणि वही मिटली. "पाव्हन्याची नोंद ठेवा लागते. झालं. आता हातपाय धुवा, भात निवते." एवढेच! आमच्या मंडळींनी पदराने डोळे पुसले ते चुलीच्या धुराने, असे त्या म्हणाल्या. पण स्वयंपाक गॅसवर चालला होता.

जेवणात भात, लाखोळीची डाळ, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी आणि वर भरपूर सांबार. (आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो.) सफारीच्या जिप्सीचे भाडे ऐकूनच आम्ही तो बेत सोडला होता. रात्री दाराला अडसर लावून घरधन्याने जंगलाच्या गोष्टी सांगितल्या. मोहफुले वेचायला, तेंदूपाने तोडायला, सरपणाला गेलेली माणसे वाघाच्या तावडीत सापडतात, हे चंद्रपूर जिल्ह्यात नवे नाही. शहरचा माणूस वाघ दिसावा म्हणून पैसे मोजतो. इथली बाई वाघ दिसू नये म्हणून जीव मुठीत धरून चालते.

आता आमच्याकडून झालेली एक चूक सांगितली पाहिजे. सकाळी हिशेब झाला तेव्हा लहान मुलाच्या जेवणाचे पूर्ण पैसे लावलेले दिसले. आम्ही पडलो कारकून, बी.कॉम. झालेले, आकडा दिसला की बोट ठेवायची सवय. आम्ही घासाघीस सुरू केली. बाई रागावली नाही. तिने दुसरी वही आणली आणि आमच्यापुढे उघडली. तांदूळ घरचा. डाळ शेजारणीकडून. दूध गावातल्या एका म्हाताऱ्याच्या म्हशीचे. चादरी धुणारी बाई गावातली, रंधा मारून खाट दुरुस्त करणारा सुतार गावातला. आणि दर पाहुण्यामागे काही रक्कम महिला बचत गटाच्या डब्यात. त्या डब्यातून रात्री-अपरात्री आजारी माणसाला चंद्रपूरला नेण्याचे गाडीभाडे निघते, आणि एखादीकडे सिलिंडर भरायला पैसे नसले तर उसने मिळतात. "सिलिंडर सरला का बाई सरपनाले जाते," ती म्हणाली. पुढचे तिने बोलून दाखवले नाही.

आम्ही रोज ऑफिसात वह्या पाहतो, पण इतका सरळ जमाखर्च क्वचित पाहिला. मोठ्या हॉटेलात आपण नोट देतो ती त्याच संध्याकाळी कुठल्या तरी शहरात निघून जाते. गावाच्या वाट्याला आली तर चौकीदाराची नाहीतर झाडलोटीची नोकरी येते. इथे तीच नोट गावात पाच घरे फिरते आणि मग बाहेर जाते. आणि आम्ही, ज्यांना एकदा पैसे असून खोली मिळाली नव्हती, एका पोराच्या भाताच्या पैशासाठी त्या बाईशी वाद घालत होतो. आम्ही पूर्ण पैसे दिले, शिवाय डब्यातही टाकले. पण शरम काही डब्यात टाकता आली नाही.

चौथा मुक्काम लांबचा. कोठारी, गोंडपिपरी, आष्टी करत आलापल्लीला पोचलो आणि तिथून सागवानाच्या दाट जंगलातून हेमलकसाला. २३ डिसेंबर १९७३ रोजी इथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी जिथे वीज नाही, रस्ता नाही अशा ठिकाणी माडिया आदिवासींसाठी दवाखाना चालवला, १९७६ साली मुलांसाठी आश्रमशाळा काढली. जवळच भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्या मिळतात. पूर आला की तो भाग जगापासून तुटतो. पाहुण्यांसाठी साध्या खोल्या आहेत, जेवण साधे आहे. आम्ही आधी कळवून गेलो होतो. पैसे भरले, पावती मिळाली.

दवाखान्यापुढे झाडाखाली बसलेल्या एका माडिया म्हातारीकडे धाकट्याने मोबाईल रोखला. आमच्या मंडळींनी त्याचा हात खाली केला. "तुझ्या आजीला न विचारता कोणी असा फोटो काढला तर चालेल?" तो वरमला. पाहुण्यानेही पायरी सांभाळायला हवी. आदिवासी माणूस ही पाहण्याची वस्तू नव्हे. आपल्याकडे शतकानुशतके ज्या नजरेने पाहिले गेले तीच नजर आपल्या मुलांच्या डोळ्यांत येऊ नये, याची काळजी आपणच घ्यायची आहे.

परतीला गडचिरोलीहून धानोरा रस्त्याने थोडे आत गेलो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ साली या जिल्ह्यात आले. त्यांच्या शोधग्राममधला दवाखाना आदिवासी पाड्यासारखा आहे. मोठ्या इमारतीची लोकांना भीती वाटते म्हणून झोपड्यांसारख्या खोल्या बांधल्या आणि रोग्याबरोबर घरचे माणूस राहील अशी सोय केली. रोगी हाही पाहुणाच, हे ज्याला कळले त्याला आतिथ्य कळले.

हे वाचून आम्हाला नागपूरचे मेडिकल आठवते. गडचिरोली, गोंदियाकडून आलेल्या रोग्यांचे नातेवाईक तिथे व्हरांड्यात, झाडाखाली रात्र काढतात. परीक्षेला आलेली पोरे स्टेशनवर झोपतात. गाडगेबाबांनी स्वतःसाठी झोपडीही न ठेवता गावोगाव धर्मशाळा उभारल्या; पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. आपल्या वस्त्यांत विहारे झाली, वरचे मजले झाले, पण कितीएक खोल्यांना वर्षभर कुलूप असते. तिथे चार खाटा, चार चादरी आणि एक वही ठेवायला किती खर्च येतो?

ज्यांना हे घरगुती व्यवसाय म्हणून करायचे आहे त्यांच्यासाठी पर्यटन खात्याची निवास-न्याहारी योजना आहे. महिलांसाठी २०२३ साली 'आई' धोरण आले. त्यात पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा परतावा मिळण्याची तरतूद आहे. अटी कार्यालयात जाऊन नीट विचारून घ्याव्यात, पाहुण्यांची नोंद चोख ठेवावी, संडास स्वच्छ ठेवावा आणि पैशाचा हिशेब सर्वांना दिसेल असा ठेवावा. आमच्या अनुभवाने सांगतो, पाहुणा गादी विसरतो पण अस्वच्छता विसरत नाही.

परत आल्यावर आम्ही आमच्या घराची पुढची खोली मोकळी केली. आनंदवनची सतरंजी तिथेच अंथरली आहे. आतापर्यंत एटापल्लीचा एक परीक्षार्थी, आणि आजारी सुनेला घेऊन आलेले मूलचे एक जोडपे राहून गेले. जेवणाचा खर्च ज्याने त्याने जमेल तसा द्यायचा. उरेल ते वस्तीच्या अभ्यासिकेला. वही आमच्या मंडळींकडे असते. नाव त्याच विचारतात, आडनावासकट विचारतात, आणि लिहून झाले की म्हणतात, "झालं. आता हातपाय धुवा."