चौकात आधी वाट कोणाची?

पुण्याला एकेकाळी सायकलींचे शहर म्हणत. आज हौशी मंडळी सोडली तर सायकल उरली आहे ती ज्यांना दुसरे साधन परवडत नाही त्यांच्याकडे. मी काम करते त्या वस्तीतून पहाटे सायकलवर निघतात ते सफाई कामगार आणि वॉचमन. म्हणून चौक हा माझ्यासाठी समतेचा प्रश्न आहे.

सिग्नलच्या चौकात मोठा धोका डाव्या वळणाचा. सायकलस्वार कडेने सरळ जात असतो आणि बस किंवा ट्रक त्याला मागे टाकून त्याच्यासमोरच डावीकडे वळतो. मोठ्या गाडीच्या चालकाला डाव्या बाजूचा बराच भाग दिसतही नाही. ‘फ्री लेफ्ट’ असेल तर गाड्या थांबतच नाहीत.

बिनसिग्नलच्या साध्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट द्यावी, असा नियम आहे. त्यात वाहन केवढे, ही अट नाही. प्रत्यक्षात मात्र हॉर्न ज्याचा मोठा, त्याची वाट आधी.

लहान, एका लेनच्या गोल चौकात वेग कमी असतो, सायकल मधोमध चालवता येते. लेन वाढल्या की बाहेर पडणारी गाडी कडेच्या सायकलला आडवी येते.

तरीही उपदेश सायकलवाल्यालाच: जपून चालव! मित्रांनो, ज्याच्या हाती जास्त बळ, त्याच्यावर जबाबदारी जास्त. चालकाने वळण्याआधी सायकलच्या मागे थांबावे. महापालिकेने सिग्नलवर सायकलींची थांबण्याची रेषा गाड्यांच्या पुढे आखावी. ही दया नव्हे, हक्क आहे. आपल्या वॉर्डात तो मागू या.