मुरुडच्या वाडीतून उठलेल्या वस्तू

रहाट. विहिरीच्या तोंडावर लाकडी चाक, त्यावरून खाली सुटलेली काथ्याची माळ, माळेला बांधलेले मातीचे लोटे, वर आलेलं पाणी झेलायला डोणी आणि डोणीतून निघणारा पाट. बैल नसेल त्या घरी पायरहाट: माणूस बसून हातापायांनी चाक फिरवायचा. पाऊस सरला की पुढच्या पावसापर्यंत वाडीला शिंपणं असायचं, कारण पोफळीचं मूळ सुकू देऊन चालत नाही.

पंप आला आणि रहाट थांबला. पण लोटे फुटायचे म्हणून कुंभार लागायचा, माळ कुजायची म्हणून सुंभ वळणारे लागायचे, चाक झिजायचं म्हणून सुतार लागायचा आणि बैलामागे एक पोर लागायचं. यंत्राने एक वस्तू हटवली आणि चार घरांचं काम गेलं. ते पोर मात्र शाळेत गेलं. हा हिशोब मांडताना ते पोर वगळणारा माणूस मला खरा वाटत नाही.

लोटे. वेगळे कुठे मिळत नाहीत. रहाटाबरोबर गेले.

घिरट, उखळ, मुसळ. घिरटावर भात भरडायचं, उखळात सडायचं, सुपात पाखडायचं. कोंडा वेगळा, कणी वेगळी. मोठ्या घरांत कांडपिणी यायच्या, मजुरी धान्यात घ्यायच्या. कोंडा-कणी मागून न्यायच्या, त्यावर त्यांच्या घरची कोंबडी आणि कधी माणसंही जगायची. डिझेलची आणि मग विजेची भातगिरणी आली, तेव्हा घरच्या बाईचे खांदे सुटले आणि कांडपिणीची मजुरी बुडाली. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी, एकाच यंत्रामुळे घडल्या. गांधीजींनी 1934 साली ग्रामोद्योग संघ काढला, तेव्हा हातसडीच्या तांदळाचा आग्रह धरला होता. कोंड्याबरोबर तांदळातलं सत्त्व जातं, हे त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. पण मुसळ कोणाच्या हातात, हा प्रश्न उरतोच.

तो हात बऱ्याचदा घरातल्या विधवेचा असायचा. पहाटेचं दळण, दुपारचं कांडण, विहिरीचं पाणी, वर एकवेळचं जेवण. तिला मजुरी नव्हती, कारण ती घरचीच. धोंडो केशव कर्वे दापोली तालुक्यातल्या याच मुरुडात वाढले. 1893 साली त्यांनी विधवेशी लग्न केलं आणि गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. गाव चिडलं ते धर्मासाठी, असं सांगितलं जातं. ते खरंही असेल. पण ज्या घराचं सगळं दळणकांडण एका बिनपगारी बाईवर उभं आहे, त्या घराला ती बाई शिकून निघून जाणं परवडणारं नव्हतं, हेही मला तेवढंच खरं वाटतं. कर्व्यांनी 1896 मध्ये विधवांसाठी आश्रम काढला. गावागावांत भातगिरण्या पोचल्या त्या त्यानंतर कितीतरी वर्षांनी. बाई आधी सुटली पाहिजे, यंत्राची वाट पाहायची नाही, एवढं त्यांना कळलं होतं.

जातं. अंगणात उलटं पडलेलं दिसतं, वर तुळशीची कुंडी. गी पॉइटवां आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत नवरा, सासू, जात, दारिद्र्य सगळं येतं, कारण पहाटे जात्याशी ऐकायला पुरुष कोणी नसायचा. पिठाच्या गिरणीत आपला डबा रांगेत ठेवायचा असतो. तिथे हे बोलणं होत नाही.

इरलं. बांबूच्या कामट्या आणि पानं. लावणीला वाकलेली बाई त्याखाली पाठीसकट मावायची. आता प्लास्टिकचा कागद.

झड. नारळाच्या झापांची, पावसाळ्याआधी पडवीला बांधायची. आता निळी ताडपत्री.

नळे. कुंभार चाकावर पोकळ नळकांडं उतरवायचा, ते उभं दुभागलं की दोन कौलं. मंगळूरला बासेल मिशनने 1865 साली कौलांचा कारखाना काढला आणि ती साच्यातली चपटी कौलं गलबतांतून कोकणकिनाऱ्यावर उतरू लागली. आज आपण ‘जुनं कोकणी घर’ म्हणून ज्या मंगळुरी कौलांचे फोटो काढतो, तीच पहिली यंत्राची कौलं. त्यांच्याखाली कुंभाराची कौलं गाडली गेली. कोणी हळहळल्याचं ऐकिवात नाही.

चिरा. हाताने काढलेल्या जांभ्याच्या चिऱ्यावर हत्याराचे तिरपे घाव असतात, दोन चिरे अगदी सारखे निघत नाहीत. आता खाणीत यंत्राची पाती फिरते आणि चिरा सरळ कडांचा येतो. भिंत लवकर उभी राहते. खाणीतल्या माणसाच्या फुप्फुसात जाणारी धूळ वाढली की कमी झाली, हे घर बांधणाऱ्याने एकदा तिथे उभं राहून बघावं.

शिड आणि सुती जाळं. हर्णैचं बंदर मुरुडपासून जवळच. सुताची जाळी ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवून टिकवायची, वाळवायची, सांधायची. यात घरातली म्हातारी माणसंही कामाला यायची. नायलॉनला साल लागत नाही. शिडाला वाऱ्याची वेळ पाळावी लागे, यंत्राच्या नौकेला डिझेलचे पैसे आधी मोजावे लागतात. मग कर्ज, मग जास्त मासळी, मग आणखी मोठं जाळं. 2016 साली राज्य सरकारला पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घालावे लागले. शिडाच्या काळात माशाला सुटायला वेळ मिळायचा.

पत्र्याची ट्रंक. ही चाकरमान्याची. हर्णैला बोट खोल पाण्यात उभी राहायची, पडावातून तिथवर जायचं, पुढे मुंबई, परळ-लालबागची खोली. मुंबईच्या कापड गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्याची माणसं फार मोठ्या संख्येने होती. इथल्या शेतातलं भात सहा महिनेही पुरत नसे, घरी मनीऑर्डर यायची. म्हणजे हाताची कामं बुडाली ती फक्त गावात यंत्र आलं म्हणून नव्हे, हातच यंत्राकडे गेले. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांत संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. जे गावी परतले, त्यांना रहाट हाकता येत नव्हता आणि रहाट उरलाही नव्हता.

विहिरीवरचा दोर. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ किनाऱ्यावर आलं. दापोली तालुक्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, खांब पडले, वीज कित्येक दिवस नव्हती. विहिरीत पाणी आणि पंप बंद. दोर-कळशी ज्यांच्या माळ्यावर होती, त्यांनी ती उतरवली. बाकीच्यांनी जनरेटर भाड्याने आणले.

पोफळीवरचा गडी. पायात दोराचा फास, कमरेला कोयता. एका पोफळीचा घड उतरवून तो झोका देऊन पुढची पोफळ धरायचा, जमिनीवर उतरायचाच नाही. पडला तर जन्माचा अधू, आणि त्याला विमा कोणी दिलेला नव्हता. त्याचा मुलगा या कामाला आला नाही, ते योग्यच झालं. नारळासाठी आता चढायचं यंत्र आहे: दोन पावठ्या, खोडाला वेढणारी तार. नारळ विकास मंडळाने 2011 पासून ते वापरायला शिकवणारे वर्ग सुरू केले आणि त्यांत बायकाही आल्या. नारळाच्या झाडावर बाईने चढायचं, हे हाताच्या कामांच्या त्या सगळ्या काळात वाडीत कोणी चालवून घेतलं नव्हतं.